सूचींतील ओळ खोडणें : बेलापूरच्या नोंदींवर केलेली परीक्षा

१. प्रास्ताविक

ज्यांनी जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांस हरताळ ठाऊक आहे. लेखकाच्या हातून अक्षर चुकलें म्हणजे तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि त्याच जागीं शुद्ध अक्षर लिही. मोडी कागदांत चुकलेल्या शब्दावर आडवी रेघ ओढलेली आढळते. या दोन्ही रीतींत एक गुण समान आहे. खोडलेलें अक्षर पुष्कळदां वाचतां येतें. तें न वाचलें तरी येथें कांहीं खोडलें आहे एवढें नजरेस पडतेंच. संशोधकास तेवढा धागाही पुष्कळ असतो.

अलीकडे संग्राहक आपल्या रुमालांच्या याद्या संगणकावर ठेवूं लागले आहेत. त्या यादींतील एखादी ओळ खोडली म्हणजे नेमकें काय घडतें, हा प्रश्न यंत्रज्ञांचा म्हणून आपण बाजूस सारतों. तो तसा सारण्याजोगा नाहीं, हें आम्हांस स्वतःच्या चुकीनें कळलें. एका खासगी संग्रहाची सूची नीट करतांना ‘बेलापूर’ या गांवाची नोंद दोनदां झालेली दिसली. त्यांतील एक आम्हीं खोडली. यंत्रानें कांहीं तक्रार केली नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं त्याच सूचींतून टिपणें काढतांना बेलापुराकडील तीन कागद भलत्याच गांवाच्या नांवाखालीं उभे राहिलेले आढळले. रुमालाच्या वेष्टनावर जुनी चिठी शाबूत होती म्हणून चूक उलगडली. चिठी नसती तर ते कागद त्या भलत्या गांवचे म्हणून आम्हींच छापले असते.

ही चूक कशी झाली हें पाहण्यासाठीं आम्हीं एक लहान नमुना-सूची तयार केली आणि तिच्या प्रतींवर खोडण्याच्या निरनिराळ्या परीक्षा केल्या. त्यांचा वृत्तांत येथें देत आहों. नमुन्यांतील नोंदी परीक्षेपुरत्या कल्पिलेल्या आहेत. यंत्राचें वर्तन मात्र जसें दिसलें तसेंच लिहिलें आहे.

२. सूचीची रचना

ज्या पद्धतीस रिलेशनल डेटाबेस म्हणतात तिची तात्त्विक मांडणी एडगर कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं केली. तो त्या वेळीं आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेंत होता. तिचें मर्म असें कीं, सर्व माहिती कोष्टकांत ठेवावी, एक वस्तु एकदांच नोंदावी, आणि दुसऱ्या कोष्टकांत तिचा उल्लेख करणें झाल्यास सर्व वर्णन पुन्हां न लिहितां तिचा क्रमांक लिहावा. शंभर कागद एका गांवचे असले तरी गांवाचें नांव, तालुका व जिल्हा एकदांच लिहावयाचा. शंभर ओळींत त्या गांवाचा केवळ क्रमांक येतो. दफ्तरांत ‘रुमाल अमुक पाहावा’ असा उल्लेख असतो, त्यासारखेंच हें आहे.

आमच्या नमुन्यांत तीन कोष्टकें होतीं. पहिलें ठिकाणांचें. त्यांत चार ओळी : क्रमांक १, बेलापूर, जिल्हा अहिल्यानगर, क्रमांक २, बेलापूर, जिल्हा ठाणें, क्रमांक ३, राहुरी, क्रमांक ४, बेलापुर, जिल्हा अहिल्यानगर. चौथी ओळ पहिलीचीच दुसऱ्या हातानें केलेली नोंद आहे. तींत उकार ऱ्हस्व लिहिला आहे एवढाच भेद. दुसरें कोष्टक कागदांचें. त्यांत १२ ओळी : ठिकाण १ चे ५ कागद, ठिकाण २ चे २, ठिकाण ३ चा १, ठिकाण ४ चे ३, आणि एका कागदाचें ठिकाण मुळांतच कळलेलें नाहीं म्हणून त्याचा रकाना रिकामा. तिसरें कोष्टक छायाचित्रांचें, त्यांत २० ओळी. पैकीं ६ छायाचित्रें ठिकाण ४ च्या तीन कागदांचीं. उद्देश एकच : दुबार झालेली चौथी ओळ काढणें. प्रत्येक परीक्षेस सूचीची नवी प्रत घेतली. परीक्षा एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोन प्रचलित डेटाबेसांवर केल्या.

३. नांव म्हणजे ओळख नव्हे

बेलापूर हें नांव आम्हीं मुद्दाम घेतलें. अहिल्यानगर जिल्ह्यांत, ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं बेलापूर बुद्रुक व बेलापूर खुर्द अशीं दोन गांवें आहेत. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर नांवाचें स्थानक बेलापुरांत नसून श्रीरामपूर शहरांत आहे. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगांवीं होता. ठाणें जिल्ह्यांतील बेलापूर या सर्वांहून निराळें. तेथील किल्ल्याचें नांव पोर्तुगीज व मराठे यांच्या झगड्यांत येतें. त्यांतच मोडी लिपींत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळीत नसल्यामुळें लिप्यंतर करणारा एक गृहस्थ ‘बेलापूर’ लिहितो, दुसरा ‘बेलापुर’.

पहिली परीक्षा अशी केली. कोष्टकांमध्यें संबंधाचें बंधन न घातलेल्या प्रतीवर ‘ज्या ओळीचें नांव बेलापूर असेल ती खोडावी’ अशी आज्ञा दिली. दोन ओळी गेल्या : क्रमांक १ आणि क्रमांक २. जी काढावयाची होती ती चौथी ओळ जागच्या जागीं राहिली! नगरकडील खरी नोंद गेली, ठाण्याकडील निरपराध नोंद गेली आणि दुबार नोंद तेवढी उरली. वाचणाऱ्यास बेलापूर व बेलापुर हें एकच. यंत्र मात्र अक्षराशीं अक्षर ताडून पाहतें, त्यास ते दोन भिन्न शब्द. शब्दाच्या शेवटीं चुकून एखादी मोकळी जागा राहिली तरी तोच प्रकार होतो.

यावरून पहिला नियम निघतो. ओळ खोडावयाची ती नांवावरून न खोडतां तिच्या क्रमांकावरून खोडावी. आणि खोडण्याच्या आज्ञेपूर्वीं त्याच अटीनें ओळी नुसत्या दाखविण्याची आज्ञा देऊन त्या मोजाव्या. एक ओळ अपेक्षित असतां दोन दिसल्या तर तेथेंच थांबावें. क्रमांकास अर्थ नसतो हाच त्याचा गुण. जिल्ह्याचें नांव बदललें तेव्हां सूचींत नांवाचा रकाना बदलावा लागतो. क्रमांक तोच राहतो आणि कागदांस धक्का लागत नाहीं.

४. संबंधाचे तीन प्रकार

क्रमांक ४ वर तीन कागद अवलंबून आहेत. आधार काढला तर अवलंबितांचें काय करावयाचें, हें सूची रचणाऱ्यानें आधींच ठरवून ठेवावयाचें असतें. क्रमांकांच्या या बंधनास फॉरिन की म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार तीन. तिन्हींची परीक्षा आम्हीं स्वतंत्रपणें केली.

पहिला, मज्जावाचा. या बंधनांत ओळ ४ खोडण्याची आज्ञा देतांच यंत्रानें ती नाकारली व कागदांच्या कोष्टकांत तिचा उल्लेख आहे असें कळविलें. एकही ओळ हलली नाहीं.

दुसरा, रकाना रिकामा करण्याचा. ओळ ४ गेली. कागद बाराच्या बारा राहिले. परंतु तीन कागदांचा ठिकाणाचा रकाना रिकामा झाला. वरवर पाहतां यांत हानि दिसत नाहीं. तथापि पूर्वीं रिकामा रकाना एका कागदाचा होता, आतां तो चारांचा झाला. या चारांपैकीं कोणाचें ठिकाण मूळांतच अज्ञात होतें आणि कोणाचें आपण घालविलें, हें सूची सांगूं शकत नाहीं. कागदाचें अज्ञान व सूचिकाराचा प्रमाद हीं दोन्ही एकाच रिकाम्या चौकटींत जाऊन बसतात. आमच्या मतें कागदपत्रांच्या सूचीस हा प्रकार अगदीं वर्ज्य समजावा.

तिसरा, ओघानें खोडण्याचा; यास कॅस्केड म्हणतात. ओळ ४ बरोबर तिचे तीन कागद गेले आणि त्या कागदांबरोबर सहा छायाचित्रांच्या नोंदीही गेल्या. कागद १२ चे ९ झाले, छायाचित्रें २० चीं १४. एका ओळीच्या आज्ञेनें एकंदर १० ओळी नाहींशा झाल्या. याहून ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, यंत्रानें उत्तरादाखल ‘१ ओळ खोडली’ एवढेंच सांगितलें. दोन्ही डेटाबेसांत हाच अनुभव आला. जी ओळ आपण नांव घेऊन खोडतों तिचाच आंकडा यंत्र सांगतें. ओघानें गेलेल्या ओळी त्यांत धरीत नाहीं. म्हणून यंत्राच्या जबानीवर विसंबून न राहतां खोडण्यापूर्वीं व नंतर सर्व कोष्टकांतील ओळी आपण मोजाव्या. दुकानदार सायंकाळीं शिल्लक मोजून रोजकीर्दीशीं ताडून पाहतो, त्यांतलाच हा प्रकार आहे.

५. भलत्या गांवाचा जन्म

आमच्या मूळ चुकीचा उलगडा चौथ्या परीक्षेंत झाला. एसक्यूलाइटमध्यें संबंधाचें बंधन कोष्टक रचतांना लिहितां येतें. परंतु तें पाळण्याची व्यवस्था २००९ सालीं प्रथम आली, आणि जुन्या सूच्यांस बाध येऊं नये म्हणून ती सामान्यतः बंद ठेवलेली असते. सूची उघडतांना प्रत्येक वेळीं ती चालू करण्याची आज्ञा द्यावी लागते. म्हणजे कागदोपत्रीं पहारा नेमलेला, पण पहारेकरी निजलेला.

अशा प्रतीवर आम्हीं ओळ ४ खोडली. ती निमूटपणें गेली. तीन कागदांच्या रकान्यांत ४ हा आंकडा तसाच राहिला. फक्त त्या आंकड्याचें गांव आतां कोठें नव्हतें. अशा ओळींस पोरक्या ओळी म्हणावें. नंतर आम्हीं ठिकाणांच्या कोष्टकांत एक नवें गांव नोंदलें : पुणतांबें. विशेष सूचना नसल्यास एसक्यूलाइट नव्या ओळीस उपस्थित सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देतें. चौथी ओळ गेल्यामुळें मोठा क्रमांक ३ उरला होता. म्हणून पुणतांब्यास ४ मिळाला. तत्क्षणीं बेलापुराकडील ते तीन कागद पुणतांब्याचे झाले.

येथें कागदांच्या कोष्टकांतील एकही अक्षर बदललेलें नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. बदललें तें एवढेंच कीं, ज्या क्रमांकाकडे कागद बोट दाखवीत होते तेथें दुसरा इसम येऊन बसला. मृताची जागा रिकामी राहिली असती तर केव्हां तरी कोणी विचारलें असतें. तोतया बसल्यावर विचारणार कोण? माहिती नाहींशी होणें हें वाईट, परंतु खोटी माहिती खऱ्याच्या पोषाखांत उभी राहणें हें इतिहासास त्याहून घातक आहे. पोस्टग्रेसमध्यें बंधन घातलें असल्यास तें सदैव पाळलें जातें, व क्रमांक देणारी व्यवस्था एकदां दिलेला क्रमांक आपण होऊन पुन्हां देत नाहीं. म्हणून तेथें हा प्रकार घडला नाहीं. एसक्यूलाइटमध्येंही ‘वापरलेला क्रमांक पुन्हां देऊं नये’ अशी सूचना कोष्टक रचतांना देतां येते. ती अवश्य द्यावी.

६. रिकाम्या रकान्याचा फसवेपणा

रिकाम्या रकान्यास या विद्येंत नल म्हणतात. त्याचा अर्थ शून्य नव्हे, किंवा कोरा शब्दही नव्हे; ‘ठाऊक नाहीं’ असा तो अर्थ आहे. ठाऊक नसलेल्या वस्तूची तुलना केली तर उत्तरही ‘ठाऊक नाहीं’ असेंच येतें, आणि खोडण्याची आज्ञा केवळ ‘होय’ असें उत्तर आलेल्या ओळींवर चालते.

एका प्रतींत आम्हीं ‘ठिकाण १ नसलेले कागद खोडावे’ असें सांगितलें. ठिकाण १ चे पांच सोडून सात जावे अशी कोणाचीही अपेक्षा असेल, सहाच गेले. अज्ञात ठिकाणाचा कागद राहिला, कारण तो ठिकाण १ चा नाहीं असें यंत्रास खात्रीनें म्हणवेना. दुसऱ्या प्रतींत ठिकाणांच्या कोष्टकांत नेवासें हें गांव क्रमांक ५ वर घातलें. त्याचा एकही कागद नव्हता. मग ‘कागदांच्या रकान्यांतील क्रमांकांत ज्याचा क्रमांक नाहीं तें ठिकाण खोडावें’ असें सांगितलें. एक ओळ जावयास हवी होती. एकही गेली नाहीं. कागदांच्या रकान्यांत एक अज्ञात असल्यामुळें तो अज्ञात क्रमांक ५ नसेलच असें यंत्रास म्हणतां येईना. ‘ज्या ठिकाणाचा एकही कागद अस्तित्वांत नाहीं तें खोडावें’ अशी आज्ञेची रचना बदलतांच नेवासें तेवढें गेलें. मराठींत दोन्ही वाक्यांचा भावार्थ एकच वाटतो. यंत्राच्या न्यायांत तो एक नाहीं.

७. परत फिरण्याची वाट, आणि खोडल्यावर उरतें तें

या पद्धतींत एक मोठी सोय आहे. आज्ञांचा एक व्यवहार आरंभून, त्यांत ओळी खोडून, परिणाम पाहून, तो व्यवहार कायम करावा किंवा उलटवावा असें करितां येतें. आम्हीं व्यवहार आरंभला, कॅस्केडच्या रीतीनें दहा ओळी घालविल्या, मोजणी केली, व उलटविण्याची आज्ञा दिली. कागद पुन्हां १२, छायाचित्रें पुन्हां २०. परंतु व्यवहार आधीं आरंभिला असेल तरच ही वाट मोकळी असते. तसें न करितां दिलेली प्रत्येक आज्ञा या दोन्ही डेटाबेसांत सामान्यतः तत्काळ कायम होते. मग जुनी प्रत जपून ठेवली असेल तीच आधार.

सगळें कोष्टक एका दमांत रिकामें करण्याची ट्रंकेट नांवाची निराळी आज्ञा पोस्टग्रेसमध्यें आहे. दुसरें कोष्टक अवलंबून असेल तर ती नाकारली जाते. पण तिला कॅस्केडची जोड दिली तर तीं अवलंबून असलेलीं कोष्टकेंही समूळ रिकामीं होतात, बंधन मज्जावाचें असलें तरी. सूचिकारानें या आज्ञेच्या वाटेस न जावें हें उत्तम.

आतां हरताळाकडे पुन्हां वळूं. व्यवहार कायम होऊन ओळ गेली तरी तिचीं अक्षरें त्या क्षणीं पुसलीं जातातच असें नाहीं. एसक्यूलाइटची फाइल अक्षरशः तपासली तेव्हां खोडलेलें ‘बेलापुर’ तींत सांपडलें. ती जागा मोकळी अशी खूण मात्र झाली होती. पोस्टग्रेसमध्येंही खोडलेल्या ओळीची जुनी आवृत्ति कांहीं काळ पडून असते. व्हॅक्यूम या नांवाच्या झाडलोटीनें एसक्यूलाइटची फाइल नव्यानें लिहिली जाते व पोस्टग्रेसमधील मृत ओळींची जागा मोकळी होते. झाडलोटीपूर्वीं एखादा कुशल माणूस खोडलेलें कदाचित् वाचूं शकेल. पण त्यावर भिस्त ठेवूं नये. पोथींतील हरताळ डोळ्यांस दिसतो. येथील हरताळ सूची वाचणाऱ्यास दिसतच नाहीं, हा खरा भेद आहे.

८. निष्कर्ष

मुद्रित ग्रंथांत चूक राहिली तर शुद्धिपत्र जोडतात, आणि चुकीचा पाठही प्रतीप्रतींतून शिल्लक राहतो. पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत निघाले. त्यांतील एखाद्या तारखेविषयीं कोणी आज शंका घेतली तर तिचा छापील पाठ कोणत्याही ग्रंथसंग्रहांत पाहतां येतो. संगणकावरील सूचीस हें आपोआप लाभत नाहीं. तें योजून आणावें लागतें.

दुबार नोंद काढण्याची जी रीत आमच्या परीक्षांस उतरली ती येणेंप्रमाणें. सूचीची प्रत करून बाजूस ठेवावी. संबंधाचें बंधन मज्जावाचें ठेवून तें चालू असल्याची खातरजमा करावी. व्यवहार आरंभावा. प्रथम ठिकाण ४ चे तीन कागद ठिकाण १ कडे वर्ग करावे. ठिकाण १ चे कागद आतां आठ झाले कीं नाहीं हें मोजावें. मगच क्रमांक ४ ची ओळ क्रमांकानें खोडावी. पुन्हां मोजावें : ठिकाणें ३, कागद १२, छायाचित्रें २०. आंकडे जुळले तर व्यवहार कायम करावा, न जुळले तर उलटवावा.

तथापि याहूनही चांगली रीत आपल्या तलाठी दफ्तरांत पूर्वींपासून आहे. सातबाराच्या उताऱ्यावरील नांव रद्द झालें म्हणजे तें पुसून टाकीत नाहींत. त्यास कंस करितात व फेरफाराचा क्रमांक लिहितात. त्या क्रमांकावरून फेरफार नोंदवहींत गेलें म्हणजे कोणत्या कारणानें कोणतें नांव गेलें तें कळतें. सूचींतही ठिकाणांच्या कोष्टकास आणखी चार रकाने जोडावे : रद्द झाल्याची तारीख, रद्द करणारा, कारण, व कोणत्या क्रमांकांत विलीन केलें तें. वाचकांस दाखविण्याच्या यादींत रद्द ओळी दाखवूं नयेत. पण कोष्टकांत त्या राहूं द्याव्या. मग क्रमांक ४ कधींही दुसऱ्याचा होणार नाहीं, आणि पन्नास वर्षांनीं कोणी विचारील कीं ‘बेलापुर’ असें ऱ्हस्व उकारानें कोणीं, कोणत्या कागदावरून लिहिलें होतें, तर त्यास उत्तर मिळेल.

आमच्या त्या तीन कागदांस त्यांचें गांव परत मिळालें तें वेष्टनावरील चिठीमुळें. ती चिठी लिहिणारा कारकून कोण होता हें कळत नाहीं. त्यानें एका ओळींत गांव, परगणा व कागद कोणाकडून आला तें लिहून ठेवलें आणि शेवटचा चुकलेला शब्द खोडून वर दुरुस्त केला होता. खोडलेला शब्द अजून वाचतां येतो.